रडण्याला संदर्भ द्या

माझ्या विषयाचं नाव इतकं लांब आहे की ते सांगून होईस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा निवतो. आंतरसांस्कृतिक समुपदेशन मानसशास्त्र. सुरतेतल्या एका कॉलेजात मी ते शिकवते आणि पोटासाठी नव्हे तर जिवासाठी त्यात संशोधन करते. सोप्या शब्दांत सांगायचं तर, दुःख घेऊन येणारा माणूस एका रीतीभातीतला आणि त्याचं ऐकून घेणारा दुसऱ्या रीतीभातीतला असला की काय काय चुकतं, याचा हा अभ्यास. नातेवाईक विचारतात, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?" मी हो म्हणते. भांडायची ताकद मला दुसरीकडे लागते.

आणि ती खूप लागते. माझा राग जुना आहे. तो उतरावा म्हणून मी हे लिहीत नाही, वाचणाऱ्यालाही तो थोडा यावा अशी माझी सरळ इच्छा आहे.

मी सुरतेतल्या नवागामची, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीतली. वडील बमरोलीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या गिरणीत, कामाला होते. त्यांच्या नखांत जो रंग अडकलेला असेल त्यावरून आईला कळायचं की बाजारात सध्या कुठल्या साड्या चालल्या आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, किराणा दुकानात गुजराती आणि शेजारच्या ओडिया-बिहारी घरांशी हिंदी. परकर सावरत पावशेर साखर आणायला निघालेली मुलगी चार रीतीभाती ओलांडून जायची आणि साखर घेऊन परत यायची. पुढे विद्यापीठात मला समजलं की आंतरसांस्कृतिक अनुभव यायला विमानात बसावं लागतं.

आता ज्या गोष्टीवरून सगळं रामायण झालं ती सांगते. आम्हा खानदेशी लोकांत माणूस गेलं की भाऊबंद, सोयरे, गाववाले त्या घरी भेटायला जातात. त्याला दारावर जाणं म्हणतात. बाई दारावर जाते म्हणजे काय करते, ते मी लहानपणी गल्लीत किती वेळा पाहिलंय. नाक्यापर्यंत ती बोलत येते. रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालते, चपलेचा तुटका अंगठा पायाने रेटत चालते. ते दार दिसलं की डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेते आणि मोठ्यांदा रडायला लागते. आतली बाई तो आवाज ऐकून उठते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, गेलेल्याचं एकेक आठवून, त्याला हाका मारून रडतात. "कसं व्हयनं वं माय!" मग एखादी म्हातारी दोघींच्या पाठीवरून हात फिरवते, "बस वं माय, बस आते," म्हणते, पाण्याचा तांब्या पुढे करते. आणि रडणं थांबतं.

थांबतं म्हणजे खरंच थांबतं. दोघी डोळे पुसतात. घरातली बाई विचारते, गाडीला गर्दी होती का, सुनेचं बाळंतपण कुठवर आलं, आणि पोरीला सांगते, "च्या ठेव." तासाभराने दुसरी बाई दारावर येते आणि परत तोंडावर पदर, परत गळ्यात गळा, तोच हंबरडा. यात ढोंग कुठेही नाही. येणारीलाही तिचं स्वतःचं कोणी गेलेलं त्या रडण्यात आठवत असतं. घरातल्या बाईने एकटीने रडून फुटू नये, म्हणून तिचं दुःख माणसं येतील तसं थोडं थोडं बाहेर काढतात, आणि मधल्या वेळात तिला चार घास खायला लावतात, कारण तिला पोरं वाढवायची असतात. माझी आई तर म्हणायची की जिच्या दारावर कोणी आलं नाही तिचं पाणी डोळ्यांतच नासतं.

पीएच.डी.ला मी हाच विषय घेऊन गेले. सुरतेतल्या खानदेशी कामगार घरांतला शोक. माझे मार्गदर्शक गुजराती, विद्वान, स्वभावाने गोड. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बेन, आ लोकोने प्रॉब्लेम होय, सायकोलॉजी न होय." या लोकांना अडचणी असतात, मानसशास्त्र नसतं. हे त्यांनी मला सांगितलं. माझे वडील त्या वेळी बमरोलीत रंगाच्या वाफेत उभे होते आणि मी त्यांच्या ओव्हरटाइमवर शिकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सही त्यांची लागणार होती, म्हणून मी मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते कळायला पीएच.डी. करावी.

साहेबांनी शोक मोजायची एक परदेशी प्रश्नावली दिली. तिचं मराठी भाषांतर कुणी विद्वानाने आधीच करून ठेवलं होतं. मृत व्यक्तीच्या आठवणीने आपणांस एकाकीपणाची भावना कितपत जाणवते, असा त्यातला एक प्रश्न. नवागामच्या एका खोलीत सासू, दीर, जाऊ आणि पोरांसोबत राहणाऱ्या विधवेला मी तो शक्य तितका सोपा करून विचारला. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "एकली कवय ऱ्हास मी?" एकटी असते कधी मी? प्रश्नावलीच्या हिशेबाने मला खूण करावी लागली, अजिबात नाही. सगळे आकडे जुळवल्यावर असं दिसलं की नवागामच्या बायकांना नवरा मेल्याचं फारसं दुःख होत नाही. साहेब खूश झाले. निष्कर्ष नवा होता.

दारावरच्या रडण्यावर मी स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं. ते त्यांनी काढून टाकायला लावलं. परीक्षकांना हे लोकसाहित्य वाटेल, म्हणाले. पदवी मिळाल्यावर मी त्याच प्रकरणाचा निबंध करून नियतकालिकांकडे पाठवू लागले. एकाने कळवलं, विषय फार स्थानिक आहे. जणू त्यांच्याकडे माणसं स्थानिक नसतात, हवेत मरतात. दुसऱ्याने विचारलं, या वर्तनाला पूर्वसंशोधनाचा आधार काय? मी लिहिलं, आधी कोणी लिहिलेलं नाही, म्हणूनच मी लिहितेय. उत्तर आलं, आधाराअभावी स्वीकारता येत नाही. म्हणजे आधी कोणी लिहिलं नसेल तर मी लिहायचं नाही, आणि मी लिहिलं नाही म्हणून पुढच्याने लिहायचं नाही. मला बढत्या मिळाल्या त्या भलत्याच निबंधांवर. कॉलेजच्या मुलांचा परीक्षेचा ताण, असले काहीतरी. ते मी स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा वाचणार नाही.

एकदा शहरातल्या बड्या हॉटेलात परिसंवाद होता. परदेश करून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावर नकाशा दाखवत होते. पश्चिमेकडचा माणूस व्यक्तिनिष्ठ, भारतीय माणूस समूहनिष्ठ. अख्खा देश एका रंगात रंगवलेला. आमच्या वडिलांच्या गिरणीतही एका दिवसात याहून जास्त रंग निघत. मी उठून विचारलं, "सर, समूह कुठला? आमच्या उधन्याच्या रेल्वेरुळाच्या अलीकडचा, शेठांचा, का पलीकडचा, कामगारांचा?" ते हसले, प्रश्न फार रोचक आहे म्हणाले, जेवताना बोलू. जेवताना ते जिलेबीच्या रांगेत सगळ्यांत पुढे होते आणि मला ओळखही दाखवली नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. माझंच काय ते अडत होतं, आणि तेही बढती नव्हे, नुसता मान. पण मग ती बाई आली.

शहरात एका ट्रस्टचं समुपदेशन केंद्र आहे. गिरण्यांत कोणी कामगार दगावला की त्याच्या घरच्यांना भेटायला हे केंद्र आपली समुपदेशक पाठवतं. मी तिथे सल्लागार आहे, म्हणजे नाव पाटीवर आहे आणि आठवड्यातून एकदा जाते. एक दिवस तिथल्या टेबलावर एक अहवाल माझी वाट पाहत होता. पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये कामावर असतानाच हृदय बंद पडून एक माणूस गेला होता. वय तिशीतलं. मूळ गाव शिंदखेड्याकडचं, राहायला नवागामात. मागे बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. गावी दहाव्यापासून गंधमुक्तीपर्यंतचे सगळे विधी आटोपून बायको मुलीला घेऊन परत आली होती आणि घरीच साड्यांचं धागा कटिंग, म्हणजे सुटे धागे कापायचं काम, करू लागली होती. तिला सुरतेत राहायचं होतं. मुलगी तिथल्या शाळेत रमली होती.

पण सासरच्यांना नात गावी हवी होती. पोराची तेवढीच एक निशाणी, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं, आणि ते मला समजत होतं. त्यांच्या वतीने जेठ, म्हणजे गेलेल्याचा मोठा भाऊ, बमरोलीहून केंद्रात आला होता. दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं की केंद्र सांगेल ते मानायचं, कोर्टात जायचं नाही. म्हणून त्या अहवालाला एवढं वजन आलं होतं.

मी तो वाचला. समुपदेशक त्या घरी गेली तेव्हा बाई शांत बसून धागे कापत होती. पाहुणी दाराशी येताच ती एकदम किंचाळून रडू लागली. थोड्याच वेळात रडणं अचानक थांबलं आणि तिने चहाची चौकशी केली. नंतर दुसरी पाहुणी आल्यावर हेच पुन्हा घडलं. पुढे इंग्रजीत निदान होतं, त्याचा मराठी अर्थ असा: भावना प्रसंगाला न शोभणाऱ्या, अस्थिर, प्रदर्शन करण्याकडे कल, पतीविषयीच्या जिव्हाळ्याबद्दल शंका. शिफारस अशी की मुलीला काही काळ आजी-आजोबांकडे ठेवणं तिच्या हिताचं.

मी अहवाल परत पहिल्यापासून वाचला. इतकी वर्षं जे लोकसाहित्य म्हणून कापलं, स्थानिक म्हणून परत पाठवलं, ते आज एका पोरीला आईपासून तोडायला निघालं होतं.

अहवाल लिहिणारी मुलगी नुकतीच पास झालेली, सुखवस्तू अडाजण भागातली, चांगल्या घरची. मी तिला बोलावलं. तिने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, हे मला तिचा चेहरा बघूनच कळलं. ती म्हणाली, "मॅडम, हूं सामेज बेठी हती. शी वॉज सो नॉर्मल, अने पछी अचानक..." मी समोरच बसले होते, असं ती सांगत होती. मी तिला दारावर जाणं समजावून सांगितलं. ती रडवेली झाली. "अमने कोईए शीखवाड्युं नथी." आम्हाला कोणी शिकवलंच नाही. तिला कोणी शिकवायचं होतं? ज्या पुस्तकांतून ती शिकली त्यांत माझं प्रकरण असायला हवं होतं. तिच्यावर ओरडून काय उपयोग? मला ओरडायचं होतं ते दुसरीकडे, आणि ते लोक सगळे निवृत्त होऊन सकाळी बागेत हास्यक्लबला जात होते.

तिने अहवाल बदलायची तयारी दाखवली. पण केंद्राचे प्रमुख म्हणाले, लिहिलेला अहवाल असा परस्पर बदलता येणार नाही. बैठक होऊ द्या, तिथे बोला.

बैठकीला लांबलचक टेबलाच्या एका बाजूला प्रमुख, त्यांच्याजवळ ती तरुण समुपदेशक, मग मी. समोर एका टोकाला विधवा, तिच्या मांडीला टेकून मुलगी. दुसऱ्या टोकाला जेठ, इस्त्रीचा शर्ट घातलेला. गावाहून सासूही यायची होती, पण भुसावळकडची गाडी उशिरा धावत होती. तिच्यासाठी थांबायची गरज नाही, असं प्रमुखांनी ठरवलं. नात जिला हवी तिच्यावाचून नातीचा फैसला सुरू झाला.

अहवाल वाचला गेला. मी सगळी रीत समजावून सांगितली. आवाज शक्य तितका खाली ठेवून, वर्गात सांगावी तशी. प्रमुखांनी मन लावून ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, आनो कोई रेफरन्स? काही प्रकाशित संशोधन असेल तर अहवालाला जोडता येईल."

मी म्हटलं, "मी लिहिलंय. छापलं गेलं नाही."

"एटले छपायेलुं नथी," त्यांनी स्वतःशीच मान हलवली. छापलेलं नाही म्हणजे नाहीच. "तुम्ही स्वतः त्याच समाजातल्या. तुमचं मत आम्हाला आदरणीय आहे, पण ते तटस्थ म्हणता येणार नाही."

माझा तोल तिथे गेला. मी म्हटलं, "साहेब, ज्याला ही रीत माहीत नाही तो तटस्थ, आणि जिला माहीत आहे ती पक्षपाती, हा कुठला न्याय? उद्या तुम्ही गरब्यात नाचताना दिसलात आणि मी लिहिलं की हे गृहस्थ टाळ्या वाजवत गोल गोल फिरतात, यांच्या मनाचा तोल गेलेला दिसतो, तर चालेल? की गरब्याला संदर्भ जोडाल?" ते लाल झाले. समुपदेशक खाली बघू लागली. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मग मी जेठाकडे वळले. त्याचीच मला खरी चीड आली होती. प्रमुखांना माहीत नव्हतं, समुपदेशकाला शिकवलं नव्हतं, पण याला सगळं माहीत होतं. हा अशाच रडण्यात वाढला होता. त्याची बायको त्या दारावर अशीच पदर ओढून रडली असणार. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगा ना साहेबांना. आपल्यात बायका कशा रडतात ते." तो चुळबुळला. शर्टाचं बटण चाचपत म्हणाला, "आता साहेबलोक शिकेलसवरेल शेतस. त्या म्हनतस तर काही असंन." शिकलेले साहेब म्हणतात तर असेल काहीतरी. वर्षानुवर्षं गिरणीत साहेबलोकांचं ऐकून घ्यायची सवय त्याने आज कामाला लावली होती. आपल्याच बाईला आपल्याच रीतीवरून वेडी ठरवत होते, ते याने मुकाट ऐकून घेतलं, कारण ते सोयीचं होतं. विधवा त्याच्याकडे बघतही नव्हती. ती पोरीच्या केसांतला धाग्याचा तुकडा काढत होती.

तेवढ्यात दार उघडलं. सासू आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पायांत टायरच्या चपला, शिपायाला काहीतरी विचारत विचारत आत आली. सून गावाहून परत आल्यानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. म्हातारीने सुनेला पाहिलं, पिशवी तिथेच सोडली, पदर तोंडावर ओढला आणि हंबरडा फोडला. सून खुर्ची मागे लोटून धावली. दोघी त्या एसीच्या खोलीत, फायलींच्या कपाटासमोर, एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. म्हातारी लेकाला हाका मारत होती. सून त्याच्या डब्याचं सांगत होती, की त्या दिवशी भाकरी तशीच परत आली. खोलीतलं कोणी हललं नाही.

पाण्याचा तांब्या घेऊन पाठीवर हात ठेवणारी म्हातारी तिथे कोणी नव्हती. म्हणून मी उठले, टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, दोघींच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बस वं माय, बस आते." त्या थांबल्या. म्हातारीने डोळे पुसले, नातीला जवळ ओढलं आणि सुनेला विचारलं, "जेवनी का पोर?"

प्रमुख पुढे झुकून समुपदेशकाच्या कानात बोलले, पण खोली लहान होती. "जोयुं? एज पॅटर्न." पाहिलंस? अहवालातलंच वर्तन.

मी म्हटलं, "बरोबर साहेब. तोच पॅटर्न. आणि तो दोघींचा आहे. एकदम रडल्या, एकदम थांबल्या, पोरीच्या जेवणाची चौकशी केली. या अहवालाने आई नालायक ठरत असेल तर आजी त्याहून जास्त, कारण तिचा आवाज मोठा होता. मग आता सांगा, मुलगी कोणाच्या हाती देता? माझ्या का तुमच्या?"

प्रमुखांनी अहवालाची पानं उलटी केली, सुलटी केली. जेठ खिडकीबाहेर बघत होता. म्हातारीला आमची गुजराती-इंग्रजी कळत नव्हती. तिने मला विचारलं, काय चाललंय? मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या सुनेने दारावर आलेल्या बायकांसोबत रडून मग चहा ठेवायला सांगितला, म्हणून तिचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं या कागदावर लिहिलंय, आणि या कागदावरून नात तुझ्याकडे यायची आहे.

म्हातारीने पदर खोचला. मग लेकाकडे वळली. "तू बी आठेच बठेल व्हता ना? मंग काबरं बोलना नही?" तूही इथेच बसला होतास ना, मग का बोलला नाहीस? त्याने परत शर्टाचं बटण चाचपलं. तिने परत विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "असा कागदवर माले नात नही पाहिजे. पोर तिन्ही मायजोडेच ऱ्हाई. आखाजीले धाडजो तिले." पोर आईजवळच राहील, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सणाला तेवढी पाठव; हे शेवटचं सुनेला होतं. सुनेने मान हलवली आणि पोरीला इतकं घट्ट धरलं की ती पोर कुरकुरली.

तिथे सगळं संपायला हवं होतं. मुलगी आईकडे राहिली, समुपदेशकाने स्वतः तसं लिहून घेतलं. पण प्रमुखांचा चेहरा उजळला होता. त्यांना काहीतरी सापडलं होतं. सगळे उठत असताना ते मला गुजराती-इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, रिअली फॅसिनेटिंग. पुढच्या महिन्यात आमची कार्यशाळा आहे, बाहेरून पाहुणे येणार आहेत. या दोघींना बोलावू या. स्टेजवर एकदा करून दाखवतील, तुम्ही समजावून सांगा. व्हिडिओ करू, म्हणजे तुमच्या रेफरन्सचाही प्रश्न मिटला." ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करताहेत, आणि मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली.

मी काही बोलायच्या आत विधवेने विचारलं, "साहेब काय सांगी ऱ्हायनात, ताई?"

मला ते तिला सांगायचं नव्हतं. पण तिच्याबद्दल तिच्यासमोर परक्या भाषेत आजवर पुरेसं बोलून झालं होतं. मी शब्दन् शब्द सांगितलं. स्टेज, पाहुणे, करून दाखवणं. म्हातारी बघत राहिली, तिला बहुधा पटलंच नाही की असं कोणी विचारू शकतं. विधवेने पोरीला कडेवर घेतलं, मोठी झालेली पोर, पाय खाली लोंबत होते. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि प्रमुखांकडे वळून, गल्लीत बोलतात त्या हिंदीत, अगदी नम्र आवाजात म्हणाली,

"साहेब, ऐसे नहीं रोते. आपके घर में कोई मर गया तो खबर करना. मैं आऊँगी."

प्रमुखांचा चेहरा पांढरा पडला. समुपदेशकाने तोंडावर हात नेला. त्यांना तो शाप वाटला. या वेळी मी समजावून सांगत बसले नाही. ती बाई त्यांना, आपल्या मुलीला तोडायला निघालेल्या माणसाला, दारावर यायचं वचन देऊन गेली होती, आणि ती आलीही असती.